लाल लोकर बांधलेला कंद

५ डिसेंबर

प्रिय ताई,

पोचले. सामान खाली ठेवते न ठेवते तोच रोपवाटिकेतून निरोप आला, पेटुनियाची रोपं लावणीला आलीत, सकाळी लवकर ये. आईला जाऊन अजून पुरता महिनाही झाला नाही आणि मी उकिडवी बसून लोकांच्या बागांसाठी रोपं लावतेय. काय करणार, पोट आहे.

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. फोनवर आपण दोन मिनिटांत भांडतो. पत्रात तू मला मध्येच तोडू शकत नाहीस.

तुझ्याकडे मी चार पांघरुणांत कुडकुडत होते आणि इथे दुपारी पाठीला घाम येतोय. तुमच्याकडची बाग झोपते तेव्हा आमच्याकडची जागी होते. उन्हाळ्यात इथे काही टिकत नाही, पावसात सगळं कुजतं, त्यामुळे जे काय फुलवायचं ते याच तीन-चार महिन्यांत. म्हणून तर मला हिवाळ्यात कधी निघता आलं नाही. आईला ते ठाऊक होतं. फोनवर शेवटचं बोलली तेही तेच. "डेलियाचे कंद ताईने बर्फ पडायच्या आत काढलेत, वाळूत ठेवलेत, सगळे चांगले आहेत. तू हंगाम सोडून येऊ नकोस." मी तिचं ऐकलं, आणि आले तेव्हा ती नव्हती.

आणि ताई, ती चक्क "चांगले" म्हणाली. आईने जन्मात कशाला चांगलं म्हटलंय? मी वर्गात पहिली आले तेव्हा "बरं आहे". तू पहिला झगा शिवलास, शेजारणी धावत बघायला आल्या, तेव्हाही "बरं आहे". म्हणजे यंदाचे कंद खरोखरच टपोरे असणार.

त्यातला एक मला पाठव. घर, भांडी, कपाट, सगळं तुझं. आई खुणेला लाल लोकर बांधायची, तो डेलिया तेवढा मला हवा. बाकीचे पिवळे-गुलाबी कुठेही मिळतात, पण हा तिने स्वतः बी धरून तयार केलेला. तसा गडद लाल आणि प्रत्येक पाकळीचं टोक पांढरं, असा मी इतकी वर्षं या धंद्यात राहून कुठे पाहिलेला नाही. इकडे राहायला आले तेव्हा तिने मला एक दिला होता. पहिल्याच पावसाळ्यात मी तो कुजवला. ती म्हणाली, परत देईन, त्यात काय. मग दर वर्षी "पुढच्या वर्षी ने" असं आमचं चालायचं. तिथे आले तेव्हाच मागणार होते, पण तळघराचं दार उघडलं तर गारठा आत जाईल म्हणालीस, आणि मलाही त्या दोन दिवसांत कंदांच्या पेटीजवळ जायचं धैर्य नव्हतं.

आता बागेकडे बघ जरा. नळाच्या पाइपातलं पाणी काढून टाक, नाहीतर गोठून फुटेल. गुलाबांच्या बुंध्याशी मातीचा ढीग कर आणि वरून गोणपाट गुंडाळ. मातीच्या कुंड्या आत घे. हिरव्या झुडपांवर बर्फ साठला की केरसुणीने हलकेच झाड, फांदीला हिसका देऊ नकोस. कात्री, खुरपं पुसून तेल लावून ठेव. आणि महिन्यातून एकदा वाळूची पेटी उघडून कंद चाचपून बघ. मऊ लागेल तो काढून टाकायचा, एकाने सगळे सडतात. आता मनात म्हणशील, आली मोठी शिकवणारी.

तुझी
मुंगी

१६ डिसेंबर

प्रिय मुंगे,

उंटावरून शेळ्या हाकायला तुला कोणी शिकवायला नको. तिकडे सुती कपड्यांत फिरतेस आणि मला सांगतेस बर्फात केरसुणी घेऊन उभी राहा. राहिले. पाइप रिकामा केला, गुलाबांना गोणपाटं बांधली. माझ्या शिवणाच्या दोऱ्याने बांधली, सुतळी सापडेना. चार गुलाब रांगेत उभे आहेत, टाके घालून पाठवलेल्या पार्सलांसारखे. आई असती तर म्हणाली असती, बरं आहे.

कुंड्या जिन्याखाली ठेवल्या. एक आधीच तडकली होती. काम बरंच आहे, हिवाळ्याचे कोट उसवून मोठे करून घेणाऱ्या बायका दारात उभ्या असतात. मशीन खिडकीशीच आहे, त्यामुळे बसल्या जागी बाग दिसते. दिसते म्हणजे काय, पांढरं दिसतं.

कंद पाठवतेय. कागदात गुंडाळून, लाकडाच्या भुश्यात घालून डब्यात बसवलाय. तुला बघायचीच असेल म्हणून सांगते, लोकर तशीच आहे. कंद मी काढले, पण लोकर आईनेच बांधली, अंथरुणात उशीला टेकून. तिचा तो जुना लाल स्वेटर आठवतो ना, कोपराला भोक पडलेला, त्याचीच. दर वर्षी त्यातून वीतभर उसवायची.

उगाच रडत बसू नकोस. आणि एकच झाड आहे म्हणून त्याच्यावर जीव टाकून बसू नकोस. हवा वेगळी, माती वेगळी. नाही जगलं तर नाही जगलं.

ताई

२८ डिसेंबर

प्रिय ताई,

डबा आला. रडू नकोस म्हणालीस म्हणून आधी दार लावून घेतलं आणि मग रडले.

लोकर नाकाशी धरली. आईचा वास नाही, मातीचाही नाही, भुश्याचा आहे. पण ती उशीला टेकून बसलीय, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलाय आणि जीभ दातात धरून गाठ मारतेय, हे मला इतकं स्पष्ट दिसलं की मी त्या वेळी तिथे होते असंच वाटलं. शेवटच्या दिवसांतलं माझ्याकडे काहीच नव्हतं. आता एवढं आहे. तू लिहिलंस म्हणून मिळालं.

कंद मात्र बघितला तर मी समजले होते त्यापेक्षा गोलसर निघाला. आईचे मला लांबट आठवतात, रताळ्यासारखे. इतक्या वर्षांत माझीच आठवण बिघडली असेल. मानेपाशी डोळा आहे, कोंब फुटतो तो, बारीक, तांदळाच्या कणीएवढा. तोच महत्त्वाचा. कंद कितीही गुबगुबीत असो, मानेला डोळा नसेल तर तो नुसता बटाटा.

लोकर सोडवून मी देवळीत ठेवली आणि कंद मोठ्या कुंडीत लावला. वाळू, पानांचं खत आणि थोडी लाल माती. उशीर झालाय. इथले डेलिया ऑक्टोबरात लागतात आणि आता फुलत आहेत. पण फेब्रुवारीपर्यंत हवा सोसेल, पुढे मी सावलीत हलवीन.

रोपवाटिकेत आमची दैना आहे. शेवंतीचा बहर संपत आलाय, ती छाटायची. स्वीट पीचे वेल दोऱ्यांवर चढवायचे. गाडीवाला एका फेरीत समुद्राकाठच्या गिऱ्हाइकाला खारं वारं सोसणारी झाडं देतो आणि दुसऱ्या फेरीत कोरड्या माळावरच्या गावाला, तिथे म्हणे दिवसा ऊन आणि पहाटे कुंडीतलं पाणी गोठतं, सगळी रोपं रात्री पोत्याखाली झाकतात. प्रत्येकाला वाटतं हिवाळा म्हणजे आपल्याकडचा तेवढाच. मालकीणबाई विचारतात, तुमच्या माहेरी काय करतात हो? मी छाती फुगवून सांगते, माझी ताई एकटी बघते सगळं, तिला बागेचं बाळकडू नाही तरी.

पेटी उघडून बघितलीस का? बाकीचे कसे आहेत?

तुझी
मुंगी

१४ जानेवारी

प्रिय मुंगे,

इथे कंबरभर बर्फ. दोन दिवस दार उघडलं नाही. तुझ्या केरसुणीचा दांडा मोडला.

बागेचं बाळकडू नाही हे अगदी खरं. तुम्हा दोघींचं जमायचं. मी आतून खिडकी पुसायची आणि तुम्ही बाहेर मातीत. मला कोणी वाफ्यात बोलावलं नाही आणि मीही गेले नाही. आता सगळी बाग माझ्या गळ्यात.

पेटीचं विचारतेस तर थंडी फार आहे, उघडली नाही. उघडीन.

कुंडीतल्याला काही कोंब वगैरे आला का? नसेल आला तर त्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस असं मी आधीच लिहिलं होतं.

ताई

३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

कोंब? अगं, हातभर वाढलाय. परवा शेंडा खुडला, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतील आणि फुलं जास्त येतील. खुडताना आईचीच आठवण झाली. मी लहान असताना तिने माझ्या हातून पहिल्यांदा शेंडा खुडवला होता आणि मी भोकाड पसरलं होतं की झाडाला लागलं. तू खिडकीतून हसत होतीस. बोलावलं नाही म्हणतेस, पण तुला मातीची किळस यायची, नखं खराब होतात म्हणायचीस. तरी तुझं ते वाक्य वाचून वाईट वाटलं. पुढच्या हिवाळ्यात मालकीणबाईंनी नाक मुरडलं तरी मी येणार आहे. दोघी मिळून कंद काढू. मी शिकवीन, तू कुरकूर कर.

एक विचारायचं राहिलं. याची पानं साधी हिरवी आहेत. आईच्या डेलियाच्या पानांना मागून तांबूस झाक असायची ना? देठ तर चांगलेच काळपट असायचे. इथले देठ पोपटी आहेत. मालकीणबाई म्हणाल्या, थंडीत रंग गडद येतो, उबेत फिका पडतो, हवेचा फरक. मलाही तेच वाटतं. तरी तू आठवून सांग, मागच्या उन्हाळ्यात तू रोज खिडकीतून बघत होतीस.

मी त्याला काठीचा आधार दिलाय आणि तीच लाल लोकर सैलसर बांधलीय. आता आईच धरून उभी आहे त्याला.

पेटी?

मुंगी

१५ फेब्रुवारी

प्रिय मुंगे,

हवेचा फरकच असणार. मला पानंबिनं आठवत नाहीत.

पेटी उघडली. सगळे सडले. वाळू ओली राहिली असावी, किंवा कोरडी, मला त्यातलं कळत नाही. टाकून दिले. झालं ते झालं. उगाच चौकशा करत बसू नकोस, मला फार वाईट वाटलंय.

या खेपेला एवढंच. डोळे दुखतात, काळं कापड शिवायला आलंय.

ताई

२४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून दिवसभर एकाही रोपाला हात लावला नाही. पण तुला बोल लावणार नाही. मोठमोठ्या रोपवाटिकांतून कंद सडतात. तू आजारपण काढलंस, मयत काढलंस, वर बर्फ. मी मात्र इथून हुकूम सोडत होते.

पण आता ऐक. म्हणजे जगात आईचा डेलिया एवढा एकच उरला, माझ्या कुंडीत. काल मालकीणबाईंनी मला गिऱ्हाइकाचा माल घेऊन दोन दिवस बाहेरगावी जायला सांगितलं, मी सरळ नाही म्हटलं. त्यांचं तोंड वाकडं झालं. होऊ दे. सकाळी पाणी, दुपारी सावली, संध्याकाळी पानांमागे किडे बघणं, असं माझं चाललंय. या झाडाला काही झालं तर आई दुसऱ्यांदा जाईल.

कळी धरलीय. एकच, वाटाण्याएवढी. ती फुलली की मी कलमं करणार. कोवळ्या फांद्या कापून वाळूत लावल्या की मुळं धरतात, म्हणजे एकाची दहा झाडं. पहिलं रोप तुझं. ते खिडकीखालीच लाव, बसल्या जागी दिसेल असं. या खेपेला बाहेर ये म्हणणार नाही.

तुझी
मुंगी

११ मार्च

ताई,

फूल पिवळं आहे.

चार दिवस कळी फुटत होती आणि मी स्वतःची समजूत घालत होते. हिरवट दिसतंय, कळी कच्ची आहे. पिवळसर दिसतंय, बाहेरच्या पाकळ्या तशा असतील. हवेचा फरक. काल सकाळी पूर्ण उमललं. हळदीसारखं पिवळं, मोठं, देखणं, आणि बाजारातलं. आमच्याच रोपवाटिकेत याच्या ओळीच्या ओळी आहेत. मालकीणबाई बघायला आल्या, खांद्यावर हात ठेवून गेल्या. त्यांना कळलं आणि मला अडीच महिने कळलं नाही. या धंद्यात केस पांढरे व्हायला आले माझे.

हवेने पानाचा रंग फिका होतो, ताई. लालाचं पिवळं होत नाही.

लोकरीची अदलाबदल झाली असेल, आईच्या हातून चुकून दुसऱ्या कंदाला बांधली गेली असेल, असंही मी रात्रभर स्वतःला सांगून पाहिलं. पण आईचे पिवळे झेंडूएवढे बारके. हे थाळीएवढं फूल तिच्या वाफ्यात कधी नव्हतंच. मग तुझी सगळी पत्रं काढून परत वाचली. "जीव टाकून बसू नकोस." "मनाला लावून घेऊ नकोस." पहिल्या दिवसापासून तुला माहीत होतं. आणि मी भर दिवसा दार लावून लोकर नाकाशी धरत होते.

परक्याने केलं असतं तर मी भांडले असते. आपलेच दात, आपलेच ओठ. तू मला वाढवलंस, केस विंचरलेस, मला पोहायला घेऊन गेलीस तेव्हा म्हणालीस, मान सोड, मी धरलंय. मी डोळे मिटून मान सोडली होती. आजही तशीच सोडली होती. त्याच मानेला तू केसाने कापलंस.

झाड मी काल उपटलं. मुळासकट, फुलासकट, काठीसकट. मागच्या खताच्या ढिगावर फेकलं. वर दोन पाट्या शेण टाकलं.

मला फक्त एका प्रश्नाचं उत्तर हवं. आईचे कंद कुठे आहेत? आणि लोकर कोणी बांधली?

२१ मार्च

मुंगे,

हो. तो आईचा नव्हता. आता सगळंच ऐक, आणि मध्ये तोडायची सोय नाही हे तूच म्हणाली होतीस.

कंद वाफ्यातच आहेत. कधी काढलेच नाहीत. आई ऑक्टोबरात पडली. तिला अंघोळ घालायची, कूस बदलायची, चमच्याने भरवायचं, आणि त्यातून शिवण, कारण पोट मलाही आहे. एका सकाळी खिडकीतून बघितलं तर डेलियाची पानं थंडीने काळी पडली होती. म्हणजे आता काढायला हवेत, एवढं मलाही कळत होतं. उद्या काढू म्हटलं. आई रोज विचारायची, काढलेस का. एक दिवस मी हो म्हटलं, ती गप्प पडावी म्हणून. मनात होतं की दुपारी जाऊन काढूनच टाकू, म्हणजे खोटं उरणार नाही. दुपारी तिला उलट्या झाल्या. मग बर्फ पडला. मग मी कुदळ घेऊन गेले, तर जमीन अशी झाली होती की कुदळ उलटी माझ्याच नडगीवर आली.

तळघरातल्या पेटीत नुसती वाळू आहे. म्हणून तुला दार उघडू दिलं नाही.

आणि मग आई म्हणाली, एक कंद आण, हातात दे. आता काय करणार होते मी? बाजाराच्या रोपवाटिकेवाल्याकडे गेले. त्याने विचारलं, रंग कोणता. मी म्हटलं, कोणताही. घरी येऊन तिचा स्वेटर उसवला आणि लोकर मी बांधली. तिच्या बोटांत तेव्हा चमचा धरायचंही बळ नव्हतं. उशीला टेकून बांधली वगैरे मी तुझ्यासाठी लिहिलं. तुला शेवटचं काहीतरी मिळावं म्हणून. हे चुकलं असेल. ते लिहिताना मला मात्र बरं वाटलं होतं, की निदान तसं झालं असतं तर.

कंद तिने बराच वेळ हातात धरला. नखाने मान चाचपली. लोकरीच्या गाठीवरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चांगला आहे. ठेव वाळूत." मी दुसऱ्या खोलीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. त्याच संध्याकाळी तिने मला फोन लावून द्यायला सांगितलं आणि तुझ्याशी बोलली.

तू मागितलास तेव्हा माझ्याकडे तेवढा एकच होता, तो पाठवला. तिच्या हातातला.

आता माझंही ऐक. तू म्हणतेस तुला केसाने कापलं. तू कुठे होतीस, मुंगे? ऑक्टोबरात, नोव्हेंबरात? आई म्हणायची, तिला बोलावू नकोस, तिचा हंगाम आहे, बरी आहे म्हणून सांग. मी सांगत होते. पण प्रत्येक वेळी फोन ठेवताना वाटायचं, आता तरी विचारेल, ताई, खरं सांग. तू एकदा विचारलं नाहीस. तुला पेटुनियाचं सुचत होतं. वाफ्यातल्या कंदांसाठी तू जेवढी रडलीस त्याच्या निम्मी चौकशी अंथरुणातल्या बाईची केली असतीस, तर मला रोपवाटिकेत जावं लागलं नसतं.

हे लिहून मला हलकं वाटलेलं नाही. वाटेल असं समजून लिहायला बसले होते.

ताई

४ एप्रिल

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी रोपवाटिकेत होते. तिथेच उभ्याने वाचलं आणि घरी आले. शेणाचा ढीग उकरला. हातांनीच, खुरपं लागू नये म्हणून.

झाड कुजून गेलं होतं. काठी सापडली, लोकर सापडली, तिचा रंग आता लाल म्हणवत नाही. मुळाशी तीन कंद धरले होते, दोन हातात घेताच फुटले. तिसरा अर्धा टणक आहे. मान शाबूत आहे. डोळा आहे की नाही ते आज सांगता येत नाही. धुतला, सावलीत सुकवला, वाळूत ठेवला. आईच्या हातातला आहे म्हणून ठेवला. तुझी क्षमा म्हणून ठेवला असं समजू नकोस.

तू विचारलंस ते खरं आहे. मी विचारलं नाही. तुझा आवाज ऐकून मला कधी कधी संशय यायचा आणि मी तो झटकायचे, कारण वाफे वाट बघत असायचे. ते माझं मी बघीन. त्याने तुझं खोटं कमी होत नाही.

आई ओळखत नव्हती असं तुला वाटतं का? जी बाई अंधारात नुसत्या मानेवरून जात सांगायची, तिने नख लावलं आणि तिला कळलं नाही? तू "चांगला आहे" ऐकलंस आणि दुसऱ्या खोलीत गेलीस. तिला त्याच क्षणी कळलं होतं की तिचा डेलिया गेला. तो गेला आणि तिने तुला सांभाळून घेतलं. आणि मग फोन उचलून तेच खोटं मला सांगितलं. "सगळे चांगले आहेत." मी इतके महिने तो शब्द मिरवत होते, मालकीणबाईंना सांगत होते, आईने शेवटी कशाला तरी चांगलं म्हटलं म्हणून. तो शब्द तुझ्यासाठी होता. तुम्ही दोघी एका खोलीत होतात, एकमेकींना सावरत होतात, आणि मी एकटी बाहेर. तू म्हणतेस तुला कधी वाफ्यात बोलावलं नाही. मला शेवटी घरातच बोलावलं नाही.

तिच्यावर मी रागावूही शकत नाही, म्हणून सगळा राग तुझ्या वाट्याला येतोय. तो तुला पेलावा लागेल.

तुझ्याकडे बर्फ वितळला असेल, जमीन मऊ झाली असेल. तिचा वाफा उकर. कंद आता चिखल झाले असतील, वास येईल, हातमोजे घाल. एकही आत ठेवू नकोस, सगळे काढ. ते काम ऑक्टोबरपासून राहिलंय आणि ते तुझं आहे.

माझा हंगाम संपला. रोपवाटिका रिकामी पडलीय, मालकीणबाई स्वतःहून म्हणाल्या, जाऊन ये महिनाभर. आता मला अडवणारं काहीच नाही, आणि मी येत नाही.

धाकटी